राहिलेले दोन किलो

भाऊ, तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मला तिघीजणींनी धरून पुरणपोळी वाढली. मी ताटावर हात आडवा धरला होता. नऊ महिन्यांत तो हात आपोआप तसा जायला लागला होता. धुळ्याच्या मामीने तो अलगद बाजूला केला आणि म्हणाली, "आता कुणासाठी उपाशी राहतेस बाई? ज्याच्यासाठी चाललं होतं तो तर गेला." वाईट मनाने नाही बोलली ती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. वरून तुपाची धार सोडली तिने. मी पोळी खाल्ली. एक संपली तशी दुसरी आली, तीही खाल्ली. आजूबाजूच्या बायकांना बरं वाटलं. इतके दिवस ज्या मला म्हणायच्या, "ह्या वयात कसली फिगर करतेस गं," त्यांना आता खरं कारण कळलं होतं, आणि कारण संपलंही होतं.

गेल्या होळीनंतर आपण त्या किडनीच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. तू, मंगलावहिनी, माझा नवरा विलास आणि मी. तुझं डायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले होते. वहिनीला साखर, त्यामुळे ती देऊ शकत नव्हती. माझा रक्तगट तुझ्याशी जुळत होता. डॉक्टरांनी माझे कागद खालीवर केले आणि म्हणाले, "बहीण देऊ शकेल, पण आत्ता नाही. वजन चौऱ्याऐंशी आहे, साखरही काठावर आहे. बाहत्तरवर या, मग पुढच्या तपासण्या करू."

"किती दिवसांत व्हायला पाहिजे?" विलासने विचारलं.

"मनावर घेतलं तर सहा महिन्यांत होईल."

मी म्हणाले, घेतलं मनावर. वहिनीने माझा हात धरला. तू मात्र आपल्या निळ्या-जांभळ्या नखांकडे बघत बसलास. पांडेसऱ्याच्या डाईंगमध्ये तीस वर्षं कापडाला रंग चढवलास, नोकरी सुटली तरी नखांमधला रंग गेला नव्हता.

परत येताना तू रिक्षा थांबवलीस आणि लोचोच्या गाडीवरून एक प्लेट घेऊन आलास. गरम वाफवलेलं डाळीचं पीठ, वर शेव, कांदा, तेल. तुला मीठ बंद, तेल बंद, पाणीसुद्धा मोजून. प्लेट माझ्या हातात दिलीस. "उद्यापासून तुझंही बंदच होणार. आज खाऊन घे." मी हसले आणि खाल्ली. वहिनी म्हणाली, "अहो, आत्ता तर डॉक्टरांनी सांगितलं." तू म्हणालास, "उद्यापासून म्हटलं ना."

सासूबाईंना सांगायचं नाही असं आमच्या घरात ठरलं. तारीख मिळाली की सांगू, आधी सांगितलं तर रोजची रडारड, असं विलासचं म्हणणं. शाळेतही कुणाला सांगितलं नाही, कारण शाळेत सांगितलेलं संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीत पोचतं. म्हणजे मी का खात नाही ह्याचं कारण कुणाला देता येत नव्हतं. विनाकारण न खाणारी बाई लोकांना सहन होत नाही, हे मला त्या दिवसांत कळलं.

उधन्याची आमची शाळा मराठी माध्यमाची, पण निम्मा स्टाफ गुजराती. दर शनिवारी कुणाचं ना कुणाचं काहीतरी असतंच. कुणाचा मुलगा पास झाला, कुणी स्कूटर घेतली, कुणाची बदली रद्द झाली. मग खमण, फाफडा, जिलेबी. जागृतीबेन डिश माझ्या नाकासमोर धरून उभी राहायची. "थोडुंक तो चाखो बेन, आटलामां शुं थई जवानुं?" एवढ्याशाने काय होणार आहे. सुरतेत माणूस तुम्हाला उपाशी बघू शकत नाही, आणि मी शहराला नावं ठेवत नाही, ह्याच शहराने आपल्याला दोघांना पोसलं. पण त्या 'एवढ्याशाने' माझा जीव मेटाकुटीला यायचा. आधी म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय. तर सगळा स्टाफ डॉक्टर व्हायचा. उपवास म्हटलं तर साबुदाण्याची खिचडी यायची. पित्त म्हटलं तर थंड दूध. शेवटी मी नुसतं 'नको' म्हणायला शिकले. हसून, कारण न देता, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर पुन्हा तेवढंच. कारण दिलं नाही की लोक लवकर गप्प बसतात. राग येतो त्यांना, पण गप्प बसतात.

सगळ्यात अवघड गेली श्रावणातली कानबाई. तुला माहीतच आहे, रोट कुळाबाहेर द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत. आमचं कुळ मोठं आणि सासूबाईंचा हात त्याहून मोठा. पुरण, खीर, गव्हाचे ते जाड रोट. मी एक रोट घेतला आणि वाटी उपडी घातली. सासूबाईंनी पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "कानबाईना रोट शे. तिले बी नही म्हणस तू?" सगळे जेवायचे थांबले. मी म्हणाले, "आई, एक घेतला. देवीला पोचला." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्या महिन्यात साडेतीन किलो उतरले.

शाळेत मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी एक वजनकाटा आहे. शुक्रवारी मुलं गेली की मी वर्गाचं दार लोटून त्यावर उभी राहायची. चपला काढून, बांगड्या काढून, एकदा तर चष्मासुद्धा काढला, मग काटाच दिसेना. पहाटे साडेपाचला बागेत चालायचे. ज्वारीची एक भाकरी, दुधी, मूग. भूक लागली की तुझी आठवण काढायचे. तू त्या उन्हाळ्यात तहान लागली तर बर्फाचा एक खडा तोंडात धरायचास आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसायचास. मला वाटायचं, आपण दोघं एकच काम करतोय. तू तिथे पाणी सोडलंयस, मी इथे अन्न. दोघं दोन्हीकडून एका जागी येऊन पोचू.

सगळ्यांना नाही म्हणायला शिकले भाऊ. जागृतीबेनला, सासूबाईंना, देवीला. फक्त एका माणसाला नाही म्हणता आलं नाही.

शनिवारचं डायलिसिस झालं की रविवारी तुला जरा हुशारी असायची. अकराच्या सुमारास फाटकाची कडी वाजायची. हातात पुडा. कधी सेवखमणी, कधी नानखटाई, वैशाखात आखाजीला तर वहिनीच्या मागे लागून मांडे करवून आणलेस, सोबत डब्यात आमरस. मी म्हणायचे, भाऊ, कशाला? तू खुर्चीत बसून धाप खाली बसवायचास आणि म्हणायचास, "खाई ले ना. एक दिनमा काय व्हस?" तेच, जागृतीबेनचंच. पण तिच्या तोंडून ऐकताना मला जे कळायचं ते तुझ्या तोंडून ऐकताना कळत नव्हतं. "माले तं चालत नही. तू खाय, मी देखस." मी खाते आणि तू बघतोस. असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

आणि तू बघायचास. खरंच बघायचास. डी.एड.ला नंदुरबारच्या वसतिगृहात होते तेव्हाही तू महिन्यातून एकदा यायचास, रात्रपाळी करून, थेट गाडी पकडून. डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. वसतिगृहाच्या पायरीवर बसून मी खायचे आणि तू बघायचास. तू स्वतः काही खाल्लंयस का, हे मी तेव्हा कधी विचारलं नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, तू सतरा. मला भरवायचं काम तेव्हापासून तुझ्याकडे होतं. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर तू पुडा घेऊन आलास तर त्यात मला वेगळं काय वाटणार?

आठवडाभरात जे उतरायचं ते रविवारी निम्मं परत यायचं. सहा महिने होऊन गेले तेव्हा मी एकोणऐंशीवर होते. डॉक्टर तुझ्या तपासण्यांकडे बघून म्हणाले, "थोडी घाई करा."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, तू घारी घेऊन आलास. खव्याची, तुपात गोठवलेली, अख्खी डबी. माझा संयम तिथे सुटला. मी म्हणाले, "भाऊ, तुला कळतंय का मी हे कुणासाठी करतेय? लोकांशी वाकडं घेतलंय मी. आणि तू दर रविवारी येऊन सगळं मातीत घालतोस. तुला मरायचंय का?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागावशील असं वाटलं, पण रागावला नाहीस. म्हणालास, "शालू, तू वाळी गई."

"वाळायलाच पाहिजे मला."

"तुझे गाल गेले. आई आजारी होती तेव्हा अशीच दिसायची."

तू डबीचं झाकण काढलंस. "अर्धी खा. बाकीची पोरांना ठेव." आणि भाऊ, मी अर्धी खाल्ली. तुला मरायचंय का असं विचारलं आणि मग तुझ्यासमोर बसून घारी खाल्ली. ते भांडण तिथेच राहिलं. तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर मी रविवारी बाहेर जायला लागले. पालक सभा आहे, मैत्रिणीकडे बारसं आहे. खोटं. तू यायचास, सासूबाईंशी बोलून, पुडा ठेवून परत जायचास. मी संध्याकाळी आले की तो पुडा न उघडता पोरांच्या हातात द्यायची. वजन भराभर उतरायला लागलं. सत्त्याहत्तर, शहाहत्तर, पंचाहत्तर. तुझ्याबरोबरचे शेवटचे आठ-नऊ रविवार मी असे घालवले.

ज्या शुक्रवारी काटा चौऱ्याहत्तरवर आला, त्याच्या पुढच्या मंगळवारी तू गेलास. डायलिसिसला निघाला होतास. फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभा होतास, आणि वहिनी फाईल घ्यायला आत गेली तेवढ्यात तू खाली बसलास. तिला वाटलं दमलास म्हणून बसलास. मी तिसरीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. मुख्याध्यापिका स्वतः दारात आल्या तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. फळ्यावर उदाहरण अर्धं होतं. मी ते पूर्ण केलं, बाकी काढली, खडू ठेवला आणि मग निघाले. असं का केलं ते मला अजून माहीत नाही.

पाचव्या दिवशी तुझ्या घरी हसमुखकाका आले. मी त्यांना ओळखत नव्हते. सत्तरीचे, काठी टेकत, डाव्या हाताला तुझ्यासारखीच फुगलेली शीर. दवाखान्यात तुमच्या दोघांच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या, आठवड्यातून तीनदा चार-चार तास. वहिनी आत बायकांत होती. ते माझ्याजवळ सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "तमे शालूबेन ने? भाऊ तमारी बहु वात करता." तू माझ्याबद्दल फार बोलायचास म्हणे. मग बराच वेळ बोलले. त्यांचं गुजराती मी मराठीत लिहिते.

ते म्हणाले, "मी त्याला म्हणायचो, तू नशीबवान आहेस, बहीण द्यायला तयार आहे. मला दोन मुलगे आहेत, कुणी विषय काढत नाही. तर तो हसायचा. म्हणायचा, काका, मी घेणार नाही. तिची दोन पोरं लहान आहेत. मी घेऊन किती वर्षं जगणार, आणि उद्या तिच्या उरलेल्या एका किडनीला काही झालं तर? मी म्हटलं, मग सांगून टाक तिला. तर म्हणाला, तिला नाही म्हणता येत नाही मला. म्हणून खाऊ घालतो."

ते मला दिलासा द्यायला आले होते, बिचारे. तू माझ्यावर किती जीव टाकायचास ते मला कळावं म्हणून. मी मान हलवली. पाणी विचारलं, तर ते म्हणाले, "मला मोजून असतं." उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तेव्हापासून मी ते सगळे रविवार परत-परत जगतेय. लोचोची ती प्लेट, तेव्हाच ठरवलं होतंस का? मांडे? नानखटाई? आणि माझे गाल गेले म्हणालास ते खरं होतं की तोही एक डाव? मला वाटतं ते खरं होतं. पण मला वाटतं एवढंच, खात्री कुठून आणू. नंदुरबारच्या पायरीवर बसून बघणारा तू आणि माझ्या खुर्चीत बसून बघणारा तू, दोन्हीकडे चेहरा एकच होता. त्यातला कुठला घास नुसत्या मायेचा आणि कुठला मला थांबवण्यासाठी, ते मला निवडता येत नाही. रविवारी अकरा वाजता अजून कडी वाजल्यासारखी वाटते. मी दारापर्यंत जाते. एकदा सासूबाईंनी बघितलं. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

तुला न मला नाही म्हणता येत होतं, न मला तुला. दोन माणसं एकमेकांना नाही म्हणू शकली नाहीत आणि त्यात नऊ महिने गेले.

मला तुझा भयंकर राग येतो भाऊ. शरीर माझं होतं. द्यायचं की नाही ते मी ठरवलं होतं, माझ्या पोरांचा विचार करूनच ठरवलं होतं. तू ते माझ्याशी बोलून मोडायला हवं होतंस. मी रडले असते, ओरडले असते, कदाचित तुझं ऐकलंही असतं. निदान ते शेवटचे रविवार मी खोटं सांगून घराबाहेर नसते काढले. तू पुडा घेऊन मी येईन म्हणून थांबायचास आणि मी बागेत बाकावर बसलेली असायची, तुझा जीव वाचवायला. हे कुणाला सांगितलं तर हसतील.

आणि मग रात्रंदिवस राबून मला शिकवणारा तू आठवतोस, आणि राग धरून ठेवता येत नाही. पुन्हा येतो, पुन्हा जातो.

ह्या महिन्यात दोनदा काट्यावर उभी राहिले. पहिल्यांदा बाहत्तर, मग सत्तर. काही न करता. जेवण जात नाही, एवढंच. आता शाळेत कुणी आग्रह करत नाही. जागृतीबेन डिश घेऊन माझ्यापर्यंत येते आणि पुढे निघून जाते.

मागच्या आठवड्यात वहिनी आमच्याकडे आली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होतो. तेराव्यापासून ती माझ्याशी तुटक वागत होती, ते मला जाणवत होतं. खाली मान घालून काड्या खुडता-खुडता ती बोलली. "शालूताई, खोटं कशाला सांगू, मला तुमचा राग आला होता. दोनच किलो राहिले होते. वाटायचं, हिने थोडं तोंड आवरलं असतं तर दिवाळीतच ऑपरेशन झालं असतं."

मी म्हणाले, "हो वहिनी."

"पण परवा आठवलं. दर रविवारी पुडा घेऊन हेच निघायचे. मी किती म्हणायचे, अहो, तिला कशाला. ऐकायचे नाहीत." तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "ते मुद्दाम करत होते का? तुम्हाला कधी काही बोलले का?"

तिचा चेहरा मी वाचला भाऊ. पांडेसऱ्याच्या त्या दोन खोल्यांत तिला आणि तुमच्या लेकीला, प्रियाला, अजून जन्म काढायचा आहे. तू तिला न विचारता तिच्याशिवाय हे ठरवलंस, हे कळल्यावर ती तुझ्या फोटोला हार कशी घालणार होती?

मी म्हणाले, "नाही वहिनी. त्याला मला खाताना बघायला आवडायचं, एवढंच. लहानपणापासूनचं. मीच आवरायला पाहिजे होतं."

"शपथ?"

"शपथ."

तिने जुडी पुन्हा हातात घेतली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मग मला तुमचा राग येत राहील थोडे दिवस. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मी म्हणाले, "येऊ द्या."

ती मेथी धुवायला उठली. नळ सोडला, पाला पाण्यात बुडवला, पुन्हा वर काढला. मी बसून तिच्याकडे बघत राहिले. ही वही तिच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवते आहे. भाऊ, तुझ्यावर रागावणारी ह्या जगात आता मी एकटीच आहे.